तो तसा आमचा नव्हे

“कॅरी ना? तो तसा आमचा नव्हे हो. तो चॅपलवाला.”

बाई पितळेचा मेणबत्तीदान घासत होत्या. सत्तरी ओलांडलेली, कमरेला एप्रन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बोलताना हात एकदाही थांबला नाही. इंग्लंडातल्या नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या पॉलर्सपरी गावच्या सेंट जेम्स चर्चमध्ये शनिवारी सकाळी आम्ही दोघीच होतो. ओल्या दगडाचा, मेणाचा आणि पितळेच्या पॉलिशचा नाकात चढणारा वास पसरला होता. फुलदाणीत कोणीतरी कालच कापून आणलेली लायलॅक, आणि दाराशी एका कागदावर फुलांची पाळी कोणत्या आठवड्यात कोणाची ते लिहिलेलं. मी मिल्टन कीन्सहून मुद्दाम आले होते. तशी फार लांबून नाही, ए-फाइव्ह हमरस्ता धरला की गाडीनं चहा गार व्हायच्या आत माणूस इथे पोचतो. पण विल्यम कॅरीचं गाव म्हणून आले होते, आणि मराठीचं पहिलं इंग्रजी व्याकरण लिहिणारा माणूस म्हटल्यावर निदान “अरे वा, इतक्या लांबून!” एवढं तरी ऐकायला मिळेल असं मनात होतं. बाईंच्या बोलण्यात तुसडेपणा नव्हता. शेजारच्या आळीतल्या मुलाबद्दल बोलावं तसं त्या बोलल्या, आणि मग मला वेदीमागचं काही दाखवायला घेऊनही गेल्या. तरी ते वाक्य मनात कुसळासारखं रुतून बसलं. अडीचशे वर्षं होऊन गेली. बाप याच चर्चचा क्लार्क, आजाही क्लार्क. आणि मुलगा आमचा नव्हे?

आमचे कोण, ते चर्चमध्ये शिरल्या शिरल्या दिसतं. एका बाजूला ओक लाकडात कोरलेले दोन पुतळे पडलेले आहेत, एक पुरुष, एक बाई. चौदाव्या शतकातलं पॅव्हली घराणं. गावाच्या नावातला ‘पॉलर’ त्यांचाच. लाकडाचे असे पुतळे इंग्लंडात थोडेच उरलेत. मी हात लावला (लावू नये, पण लावला). लाकूड गार लागत नाही, ही गंमत. दगडाचा सरदार मेलेला वाटतो, लाकडाचा नुसता झोपलेला. पलीकडे सर आर्थर थ्रॉकमॉर्टन आणि त्याची बायको, हे १६२६ सालचे, दोघंही ऐटीत. आर्थरची बहीण बेस पहिल्या एलिझाबेथ राणीच्या खासगीतली. तिनं राणीला न विचारता वॉल्टर रॅलेशी चोरून लग्न केलं, दिवस गेले, राणीला कळलं आणि नवराबायको दोघंही लंडनच्या टॉवरच्या कोठडीत गेले. ही सगळी भानगड आर्थर आपल्या रोजनिशीत मुकाट्यानं टिपून ठेवत होता. हे बाईंनी मला अगदी रंगून सांगितलं, काल-परवा चावडीवर घडल्यासारखं. चारशे वर्षांपूर्वीची कुचाळकी घरची असते, याचं मला कौतुक वाटलं आणि जरा रागही आला.

विल्यमचा बाप एडमंड कॅरी, त्याचा तिथे असा पुतळा नाही. तो गावातला विणकर, लोकरीचं साधं कापड विणणारा. विल्यम सहा वर्षांचा असताना, म्हणजे १७६७च्या सुमारास, एडमंडला पॅरिशचा क्लार्क आणि शाळामास्तर अशी दुहेरी नेमणूक मिळाली. त्याचा बाप पीटर याच जागेवर होता. क्लार्कचं काम काय, तर रविवारी पाद्र्याच्या व्यासपीठाखालच्या खुर्चीत बसायचं, प्रार्थनेच्या शेवटी सगळ्या गावाच्या वतीनं मोठ्यानं ‘आमेन’ म्हणायचं, स्तोत्र लावून द्यायचं, आणि आठवडाभर लिखापढीत हातभार लावायचा. जन्मल्या पोराचा बाप्तिस्मा, लग्न, मयत, सगळं वहीत. १५३८ साली थॉमस क्रॉमवेलनं प्रत्येक पॅरिशला ही वही ठेवायला लावली, तेव्हापासून इंग्लंडातला फाटक्यातला फाटका माणूससुद्धा निदान तीनदा कागदावर येतो. मला हे वाचताना सारखे आमचे पणजोबा आठवत होते. सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावचं कुलकर्णीपण त्यांच्याकडे होतं. मांडीवर दप्तर, कानामागे बोरू, आणि गावातल्या प्रत्येक बांधावर कोणाची बाभूळ आहे ते तोंडपाठ. एडमंड म्हणजे थोडा कुलकर्णी, थोडा गुरव. पाटील नव्हे. पाटील ते लाकडाचे आणि दगडाचे.

पॅरिश म्हणजे नुसतं चर्च आणि त्याचा परिसर, असं मी इथे आल्यावर बरीच वर्षं समजत होते. खरं तर एकोणिसाव्या शतकापर्यंत गावकऱ्याचं सरकार म्हणजे पॅरिशच. रस्ता बुजवायचा तो पॅरिशनं, चोराला खोड्यात घालायचा तो पॅरिशच्या कॉन्स्टेबलनं, आणि मुख्य म्हणजे गरिबाला पोसायचं तेही पॅरिशनं. १६०१च्या कायद्यानं प्रत्येक पॅरिशला गरिबांवर देखरेख करणारे ओव्हरसीअर नेमावे लागले. जमीनवाल्यांकडून पट्टी गोळा करायची आणि त्यातून म्हाताऱ्या विधवेला भाकरी, पोराला बूट, मेलेल्याला कफन द्यायचं. ऐकायला फार छान. पण पैसा गावाचा म्हटल्यावर पहिला प्रश्न आला, गावचा कोण? त्यासाठी १६६२ साली कायदा झाला. ज्याचा हक्क ज्या पॅरिशमध्ये, त्याला तिनंच पोसायचं. कामाच्या शोधात दुसऱ्या गावी जायचं तर आपल्या पॅरिशचा दाखला घेऊन जा, की हा आमचा आहे, उद्या पडला झडला तर आम्ही परत घेऊ. दाखला नसला आणि हा पुढे आपल्या गळ्यात पडेल असं वाटलं, तर हद्दीबाहेर काढायचं. सगळ्यात वाईट हाल लग्नाविना गरोदर राहिलेल्या मुलींचे. असं मूल जिथे जन्मेल त्या पॅरिशचं होणार, म्हणून कळा सुरू झालेल्या बाईलासुद्धा घाईघाईनं शिवेपलीकडे नेऊन सोडल्याची उदाहरणं आहेत. आणि १६९७च्या कायद्यानं गावाची मदत घेणाऱ्यानं खांद्यावर कापडाचं ‘पी’ (पॉपर, म्हणजे कंगाल) अक्षर शिवून घ्यायचं, शेजारी पॅरिशचं आद्याक्षर. दया करायची, पण शिक्का मारून.

मलाही या देशात राहायचा कायमचा कागद मिळवायला बँकेचे उतारे, पगाराच्या चिठ्ठ्या आणि भाड्याच्या पावत्यांचं पुडकं बांधावं लागलं होतं. सरकारी मदतीला हात लावायचा नाही, अशी अट व्हिसावर छापलेली. तेव्हा मला ती आजच्या राजकारणाची देणगी वाटली होती. पॅरिशच्या वह्यांबद्दल वाचल्यावर कळलं, हे लोक चारशे वर्षं हेच विचारतायत. पूर्वी फक्त विचारायचे शेजारच्या गावच्या सुताराला.

तर एडमंडचं घर असं, की ज्यात गाव कागदावर उतरत होतं.

त्या घरातल्या पोराच्या खोलीचं वर्णन त्याच्या बहिणीनं करून ठेवलंय. मेरी तिचं नाव, घरात पॉली म्हणायचे. पुढे ती अंगावरून वारं जाऊन जवळजवळ पन्नास वर्षं अंथरुणाला खिळून राहिली, पण हिंदुस्थानातल्या भावाला पत्रं लिहीत राहिली. ती सांगते की विल्यमच्या खोलीत किडे आणि पाखरं भरलेली असायची, ते वाढताना बघायचे म्हणून. रस्त्यानं जाताना कुंपणाची एकही झुडपी तो नीट न्याहाळता सोडत नसे, आणि बरोबर हिला ओढत चिखलातून न्यायचा. त्या काळचं हे गाव डोळ्यांसमोर आणायचं तर कुंपणं, चिखल आणि अंधार हे तीन शब्द पुरेत. अंधार अशासाठी की या सगळ्या पट्ट्यात बायकापोरी लेस विणायच्या, आणि हिवाळ्यात चार वाजताच दिवस संपतो. मेणबत्ती महाग. मग तिवईच्या मधोमध एकच मेणबत्ती, तिच्याभोवती पाण्यानं भरलेल्या गोल काचेच्या कुप्या, आणि प्रत्येक कुपीतून पलीकडे पडणारा रुपयाएवढा उजेडाचा ठिपका. त्या ठिपक्यात आपापली उशी धरून बायका बसत. जवळच्या चांगल्या विणणाऱ्या, मागे उंच स्टुलांवर कच्च्या. पाच-सहा वर्षांच्या मुलींना लेसच्या ‘शाळेत’ घालत, तिथे अक्षरओळख नावालाच. मी एका म्युझियममध्ये लेसचा दोरा गुंडाळायच्या त्या हाडाच्या बॉबिन पाहिल्यात, पेन्सिलीपेक्षा बारीक, टोकाला रंगीत मणी, आणि दांड्यावर ठिपक्याठिपक्यानं कोरलेली नावं. कोणाच्या तरी मुलाचं, कोणाच्या तरी प्रियकराचं. उशीवर पन्नास बॉबिन एकमेकींवर आपटल्या की वाळक्या शेंगांसारखा आवाज येतो. लॉर्डांच्या बाह्यांना लागणारी लेस या ठिपक्याएवढ्या उजेडात तयार व्हायची आणि बायकांचे डोळे तिशी-पस्तिशीत जायचे.

विल्यमला शेतात घातला तर उन्हानं त्याच्या कातडीवर चट्टे उठायचे. (हाच माणूस पुढे चाळीस वर्षं बंगालच्या उन्हात काढतो, हे नशिबाचं काय ते.) म्हणून चौदाव्या वर्षी पिडिंग्टनच्या एका मोच्याकडे उमेदवारीला ठेवला. नॉर्थॅम्प्टनशायर हा बुटांचा मुलूख, अजूनही आहे. त्या दुकानात जॉन वॉर नावाचा दुसरा उमेदवार होता, आणि तो डिसेंटर, म्हणजे सरकारी चर्च न मानणाऱ्यांपैकी. चामडं ठोकता ठोकता दोघांचे वाद चालत. विल्यम क्लार्कचा मुलगा, या असल्या लोकांना तुच्छ मानायचं बाळकडूच मिळालेलं. पण वादात हळूहळू हरत गेला. १७८३च्या ऑक्टोबरमध्ये नॉर्थॅम्प्टनजवळ नेन नदीच्या गार पाण्यात उभं राहून त्यानं पुन्हा बाप्तिस्मा घेतला. लहानपणी बापाच्या चर्चमध्ये डोक्यावर पडलेलं पाणी, ज्याची नोंद १७६१च्या वहीत आहे, ते त्यानं जमेस धरलं नाही असाच त्याचा अर्थ. बाईंचं वाक्य इथून निघतं. चॅपल म्हणजे या डिसेंटरांचं प्रार्थनाघर. आपल्याला चर्च आणि चॅपल हे दोन्ही ख्रिस्ताचे, मग फरक काय असं वाटतं. गावात फरक मोठा होता. चर्चला जमीनदार, चर्चला घंटा, चर्चला कायदा. चॅपलला मोची, विणकर आणि विटांची चार भिंतींची खोली. सरकारी चर्चमध्ये प्रसाद घेतल्याशिवाय हुद्द्याची जागा मिळू नये असा कायदा १८२८पर्यंत पुस्तकात होता. आणि डिसेंटर असला तरी चर्चची पट्टी भरायचीच. बाप रविवारी गावाच्या वतीनं ‘आमेन’ म्हणतोय आणि मुलगा चार गावं पलीकडे त्या ‘आमेन’ला नाही म्हणतोय. एडमंडच्या घरी त्या वर्षी काय बोलणी झाली असतील याची कल्पना आंतरजातीय लग्न झालेल्या कुठल्याही मराठी घराला करता येईल.

त्याच्या लग्नाची नोंद मात्र चर्चच्याच वहीत आहे, कारण १७५३च्या कायद्यानं लग्न तिथेच लागायला हवं. पिडिंग्टन, १० जून १७८१. विल्यम कॅरी, वय वीससुद्धा पुरं नाही, स्वच्छ सही. डोरोथी प्लॅकेट, त्याच्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठी, सहीच्या जागी फुली.

मला त्या फुलीपाशी थांबावंसं वाटतं. कॅरीवर लिहिणारे बहुतेक तिथून झपाट्यानं पुढे जातात, कारण पुढे रंगतदार गोष्टी आहेत. मोल्टनच्या झोपडीवजा घरात शाळा, बूट आणि प्रवचनं एकाच वेळी, भिंतीवर हातानं काढलेला जगाचा नकाशा, कातडं शिवता शिवता लॅटिन आणि हिब्रू. १७९२मध्ये केटरिंगला एका विधवेच्या घरी मूठभर पाद्री जमले आणि तपकिरीच्या डबीत १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्सची वर्गणी कबूल करून त्यांनी मिशन काढलं. मुलगा बंगालला निघाला हे कळल्यावर एडमंडनं “त्याला वेड लागलंय का?” असं विचारल्याचं सांगतात. डोरोथीनं तर जायला सरळ नकार दिला होता. ती आपल्या गावाच्या पंचक्रोशीबाहेर फारशी न गेलेली बाई, पोटात मूल, आधीच्या दोन मुली गेलेल्या. शेवटच्या क्षणी, तीन-चार आठवड्यांचं बाळ घेऊन, बहीण किटी बरोबर येत असेल तरच, या अटीवर ती जहाजात चढली. जून १७९३. पुढच्या वर्षी बंगालमध्ये पाच वर्षांचा मुलगा पीटर आमांशानं गेला आणि डोरोथीचं मन फाटलं ते कायमचं. नवऱ्यावर संशय, आरडाओरडा, अंगावर धावून जाणं. शेवटी तिला खोलीत बंद ठेवत. १८०७च्या डिसेंबरात ती कलकत्त्याजवळ सेरामपूरला, मिशनच्या ठाण्यावर, वारली.

आता मराठीकडे. कॅरीचं मराठी व्याकरण सेरामपूरला छापलं गेलं १८०५ साली. म्हणजे डोरोथी त्या वेळी जिवंत होती. शेजारच्या खोलीत वेडी बायको आकांत करत असताना तो भाषांतरं करत बसायचा, असं त्याच्या मिशनमधल्या लोकांनीच लिहून ठेवलंय, कौतुकानं, त्याची चिकाटी दाखवायला. मला ते वाक्य कौतुकानं वाचता येत नाही. विभक्तीचे तक्ते जुळवताना पलीकडून हेल काढून ओरडणारी नॉर्थॅम्प्टनशायरची बोली त्याच्या कानावर येत असेल, आणि हा ‘घोडा, घोड्यास, घोड्याने’ लावत बसलाय. त्याचा हेतूही मला ठाऊक आहे. आमची भाषा त्याला आम्हाला बाटवायला हवी होती, त्यात आडपडदा त्यानं कधी ठेवला नाही. आणि तरीही १८१०चा त्याचा मराठी कोश उघडला की मी पाघळते. त्यातले मराठी शब्द मोडीत छापलेत, कारण रोजचा व्यवहार मोडीत चालतो हे त्यानं बघितलं होतं. कंपनीच्या साहेबांना देशी भाषा शिकवणाऱ्या फोर्ट विल्यम कॉलेजातले मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ यांनी ते शब्द पुरवले, तपासले, आणि प्रस्तावनेत त्यांचा उल्लेख आहे. बालबोधीत विद्या आणि मोडीत हिशेब, हे ज्याच्या लक्षात येतं तो क्लार्काच्याच घरचा. माझ्या पणजोबांना त्या कोशातले शब्द सरळ वाचता आले असते. मला त्या पानांवर बोट ठेवून एकेक अक्षर सोडवावं लागतं. तेव्हा ‘आमचा’ कोण, यावर मीही फार ताठ मानेनं बोलू नये.

चर्चमधून निघून मी परी एंडपर्यंत चालत गेले. कॅरी जन्मला ती वाडी हीच. घर केव्हाच पाडलंय, जागेवर आठवण म्हणून फलक आहे. कुंपणांवर हॉथॉर्न फुलायच्या बेतात होता, वाटेत घोड्याची ताजी लीद, मागे ए-फाइव्हवरच्या ट्रकांची घरघर. रोमनांनी आखलेला तो रस्ता गाव बाजूला ठेवून अजून सरळ धावतोय. घरांच्या दगडाचा रंग शिळ्या मधासारखा, दारात महागड्या गाड्या. लेस विणणाऱ्या बायकांच्या खोपट्यांत आता लंडनला नोकरी करणारी माणसं राहतात, आणि त्यांच्या किमती ऐकून थ्रॉकमॉर्टनसुद्धा उठून बसेल. पॅरिश कौन्सिलच्या फळ्यावर कुत्र्यांच्या घाणीबद्दल सूचना होती. पॅरिशकडची गरिबांची जबाबदारी १८३४च्या कायद्यानं काढून अनेक गावांच्या मिळून केलेल्या वर्कहाऊसवाल्या (गरिबांना ठेवून कामाला जुंपायची घरं) संघांकडे दिली गेली. कॅरी त्याच वर्षी जूनमध्ये सेरामपूरला वारला. पुढे १८९४ साली पाद्र्याचा गावकारभारही वेगळा काढून निवडलेल्या कौन्सिलकडे गेला. आता उरलंय ते हे, कुत्री आणि खड्डे. मला ते वाईट वाटलं नाही. शिवेवर अडलेल्या बाळंतिणीपेक्षा कुत्र्याची घाण केव्हाही परवडली.

कॅरीच्या सगळ्या पत्रांत मला आवडतं ते धर्मावरचं नाही. सेरामपूरला त्यानं मोठी बाग केली होती, जगभरातून बिया मागवायचा. इंग्लंडहून एकदा बियांची पिशवी आली. बिया काढून घेतल्यावर तिच्यातली चिमूटभर माती त्यानं बागेत सावलीच्या जागी झटकली. काही दिवसांनी तिथे डेझीचं रोप उगवलं. साधी इंग्लिश डेझी, कुंपणाकडेला पायाखाली येणारी. त्यानं १८२१च्या सुमारास लिहिलंय की युरोप सोडल्यापासून इतका निर्भेळ आनंद आपल्याला झाल्याचं आठवत नाही. नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये हे रोप वर्षानुवर्षं जगतं, पण बंगालच्या उन्हाळ्यात मरून जाई. म्हणून तो दरवर्षी बी धरून ठेवी आणि पुन्हा पेरी. आमच्या मिल्टन कीन्सच्या गल्लीत शेजारी दर एप्रिलमध्ये लॉनमधल्या याच डेझींवर औषध मारतात. यंदा मी त्यांना माझ्या बाजूचं गवत सोडा म्हटलं, तर म्हणाले, “ठीक आहे, पण मग ती तुमच्याकडून आमच्याकडे पसरतील, तेवढं बघा.”